‘हॉर्न’ म्हणजे फक्त भोंगा नाही अन् ‘टेल’ म्हणजे फक्त शेपूट नाही! घनसावंगीच्या शिवारात या दोन शब्दांचे अर्थ किती?

घनसावंगी तालुक्यात ‘टेल’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच चौकशी सुरू होते, टेलला पाणी पोहोचलं का? इथे टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. तिथे ज्याची जमीन, त्याचं अर्धं पीक या एका शब्दावर अवलंबून असतं.

त्याच शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजीच्या पुस्तकात ‘टेल’ भेटतो तो शेपूट म्हणून. ‘हॉर्न’चं उलटं आहे. गाडीचा भोंगा म्हणून तो आधीच ओळखीचा असतो. मग धड्यातल्या बैलाच्या डोक्यावर हॉर्न कुठून आला, असा प्रश्न पडतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, त्यामुळे हा गोंधळ तसा लवकरच सुरू होतो.

जनावराच्या अंगावरचे हे दोन शब्द इतक्या ठिकाणी कसे पोहोचले? आणि कुठे कोणता अर्थ घ्यायचा? समजून घेऊया.

हॉर्न: शिंगातून आवाज, शिंगातून टोक

हॉर्नचा पहिला अर्थ शिंग. पुढचे बहुतेक अर्थ दोन वाटांनी आले.

पहिली वाट आवाजाची. पोकळ शिंगाचं टोक कापून फुंकलं की मोठा आवाज निघतो. त्यामुळे फुंकायच्या वाद्याला हॉर्न म्हणू लागले. पुढे ते वाद्य पितळेचं झालं, नाव तेच राहिलं. मोटार आल्यावर इशारा देणाऱ्या भोंग्यालाही तेच नाव मिळालं. मराठीतही नेमकं हेच घडलं आहे. आपलं ‘शिंग’ हे वाद्य धातूचं असतं आणि निवडणूक आली की प्रचाराचं ‘रणशिंग’ आजही फुंकलं जातं.

दुसरी वाट आकाराची. जे टोकदार, वळलेलं किंवा एका बाजूनं निमुळतं, ते हॉर्न. आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात घुसलेल्या टोकाला ‘हॉर्न ऑफ आफ्रिका’ म्हणतात. सोमालिया, इथिओपिया, एरिट्रिया आणि जिबूती हे देश त्यात येतात. लाऊडस्पीकरचा कर्णाही हॉर्नच. अँटेनाच्या एका प्रकाराचं नावही हॉर्न अँटेना. अर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४ मध्ये अमेरिकेत अशाच अँटेनावर न थांबणारी खरखर ऐकू आली. ती विश्वाच्या सुरुवातीच्या काळातली प्रारणं निघाली आणि १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

बूट चढवायची पट्टी म्हणजे ‘शूहॉर्न’. ती पूर्वी खरोखरच शिंगाची असायची.

‘शिंग’ आणि ‘हॉर्न’ एकमेकांचे भाऊबंद

मराठी ‘शिंग’ संस्कृत ‘शृंग’पासून आलं. हे शृंग, लॅटिनमधलं ‘कॉर्नू’ आणि इंग्रजी हॉर्न हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून फुटलेले आहेत, हे भाषाशास्त्रात मान्य आहे.

या कुटुंबातले शब्द आपण रोज वापरतो. डोळ्याचा ‘कॉर्निया’, एका शिंगाचा ‘युनिकॉर्न’, रस्त्याचा ‘कॉर्नर’ हे सगळे कॉर्नूचे वंशज. पायाच्या तळव्याला होणाऱ्या कुरूपाला इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणतात, तेही तिथलंच. मक्याचा कॉर्न मात्र वेगळा. तो धान्याचा दाणा या अर्थाच्या शब्दातून आला, शिंगाशी त्याचा संबंध नाही.

पार्लरमध्ये केसांना ‘केराटिन’ करून घेतात. केराटिन हे शिंग, खूर, नख आणि केस यांतलं प्रथिन. ग्रीक भाषेत शिंगाला ‘केरास’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.

शृंगवरून आपल्याकडेही शब्द निघाले. उपवासाचा शिंगाडा म्हणजे संस्कृत ‘शृंगाटक’, टोकांमुळे पडलेलं नाव. आल्याला संस्कृतात ‘शृंगवेर’ म्हणतात. तोच शब्द पाली, ग्रीक, लॅटिन असा फिरत इंग्रजीत ‘जिंजर’ झाला. अर्थात शृंगवेर हा शब्द मुळात द्राविडी भाषांतून आला आणि संस्कृतात त्याला शिंगाचं रूप मिळालं, असं अनेक अभ्यासक मानतात.

टेल: जे शेवटी, ते शेपूट

हॉर्न आवाज आणि आकार घेऊन पसरला. टेल मुख्यतः जागेमुळे पसरला. डोकं पुढे, शेपूट मागे. म्हणून जे मागे किंवा शेवटी, ते टेल.

विमानाचा मागचा भाग टेल. मागून येणारा वारा टेलविंड. गाडीचा मागचा लाल दिवा टेल लॅम्प. एखाद्याच्या मागावर राहणं म्हणजे त्याला ‘टेल’ करणं. नाणेफेकीत हेड्स आणि टेल्स, आपल्याकडे छापा आणि काटा. क्रिकेटमध्ये तळाचे फलंदाज म्हणजे टेल. त्यांनी धावा काढल्या की मराठी बातमीत ‘शेपूट वळवळलं’ असं छापून येतं.

इंजिनीअरिंगमध्ये तर टेलच टेल. लिनक्सवर ‘टेल’ ही कमांड दिली की फाइलच्या शेवटच्या १० ओळी दिसतात. पैठणला जायकवाडी धरणावर १२ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे. अशा केंद्रात टर्बाइन फिरवून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वाटेला ‘टेलरेस’ म्हणतात.

पण टेल नेहमी मागेच असतं, असंही नाही. धूमकेतूचं शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतं. त्यामुळे धूमकेतू सूर्यापासून दूर जात असताना शेपूट पुढे आणि डोकं मागे, असा प्रकार होतो. त्याच धूमकेतूला मराठी माणसानं ‘शेंडेनक्षत्र’ म्हटलं. इंग्रजीला जिथे शेपूट दिसलं, तिथे आपल्याला शेंडी दिसली.

टेलर, रिटेल, डिटेल: यांचा शेपटाशी संबंध काय?

काहीच नाही. कपडे शिवणारा ‘टेलर’, किराणा दुकानाचं ‘रिटेल’ आणि माहितीतलं ‘डिटेल’ हे तिन्ही कापणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदातून आले. टेलर कापड कापतो, रिटेलवाला मोठ्या मालाचे छोटे भाग करून विकतो, डिटेल म्हणजे तुकड्या-तुकड्यानं सांगणं. गोष्ट या अर्थाचा टेलही वेगळा. मराठीत त्याचा उच्चार शेपटासारखाच लिहिला जातो, इंग्रजीत मात्र स्पेलिंग बदलतं.

म्हणजे ऐकायला सारखे असलेले सगळे शब्द नातेवाईक नसतात.

मराठी शिंग-शेपूट कुठे वेगळी वाट धरतात?

शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं की गाडी इथेच अडते. दोन्हीकडून अडचण असताना इंग्रजी माणूस पेचाच्या दोन शिंगांवर अडकतो. मराठी माणूस ‘इकडे आड, तिकडे विहीर’ म्हणतो. उलट, वय विसरून पोरांत मिसळणाऱ्याला आपण ‘शिंगं मोडून वासरांत शिरला’ म्हणतो. हे जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर कुणाला कळणार नाही.

शेपटाचंही तसंच. घाबरून माघार घेणं म्हणजे शेपूट घालणं. न संपणारं काम म्हणजे मारुतीचं शेपूट. सगळं झालं आणि थोडक्यासाठी अडलं, तर ‘हत्ती गेला अन् शेपूट राहिलं’.

पशुपालकांच्या मराठीत तर नेमकेपणा आणखी जास्त. शिंगं नसलेली गाय ‘भुंडी’, शेपूट तुटलेला कुत्रा ‘बांडा’. एका शब्दात काम होतं.

विम्याच्या फॉर्मवर हे शब्द का महत्त्वाचे?

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. गाय, म्हैस किंवा बैलाचा विमा काढताना फॉर्मवर ओळखखुणांचा भाग असतो. रंग, शिंगांची ठेवण, शेपटीचा गोंडा काळा की पांढरा, अशी नोंद तिथे होते. इंग्रजी फॉर्मवर शेपटीच्या गोंड्याला ‘स्विच’ हा शब्द असतो. विजेच्या बटणाचा तोच शब्द. अर्थ माहीत नसेल तर रकाना मोकळा राहतो किंवा भलतंच लिहिलं जातं.

जनावराच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला असतो आणि ‘टॅग नाही तर दावा नाही’ ही विमा कंपन्यांची नेहमीची अट असते. दाव्याच्या वेळी बिल्ल्याचा क्रमांक आणि वर्णन दोन्ही पॉलिसीशी ताडून पाहिलं जातं. पोळ्याला शिंगं रंगवली, शेंब्या बसवल्या तरी ठेवण बदलत नाही. पण एखादं शिंग मोडलं असेल किंवा बिल्ला पडला असेल, तर ते वेळीच कळवून नोंद दुरुस्त करून घेतलेली बरी.

उसाच्या ट्रॉलीवर हॉर्न आणि टेल एकत्र

गाळप हंगामात हे दोन्ही शब्द रस्त्यावर एकत्र येतात. ट्रॉलीला टेल लॅम्प नसेल किंवा बाहेर आलेल्या उसानं तो झाकला असेल, तर अंधारात मागच्या दुचाकीस्वाराला पुढचं वाहन दिसत नाही. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावलेली असतील, तर त्याचा हॉर्न चालकाला ऐकू जात नाही. मागच्यासाठी लागतो तो टेल लॅम्प आणि पुढच्यासाठी असतो तो हॉर्न. यातलं एक जरी निकामी असलं, तरी जिवाशी गाठ पडते.

हॉर्नबाबत कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वेगवेगळ्या सुरांत वाजणाऱ्या हॉर्नला मनाई आहे आणि ती शेतीच्या ट्रॅक्टरलाही लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा १ हजार आणि पुढच्या वेळी २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी घालण्यात आली. कारण ते वाचून चालक उगाच हॉर्न वाजवतात, असं परिवहन विभागाचं म्हणणं होतं.

कालव्यावरचं टेल: शब्द एक, नशीब वेगळं

आता मूळ प्रश्नाकडे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. पैठणहून निघून तो जालना जिल्ह्यातून पुढे परभणी जिल्ह्यात जातो. म्हणजे मुख्य कालव्याचं टेल घनसावंगीत नाही. मग इथला शेतकरी स्वतःला टेलचा का म्हणवतो?

कारण प्रत्येक वितरिकेला आणि प्रत्येक चारीला स्वतःचं हेड आणि टेल असतं. मुख्य कालव्याच्या नकाशावर मध्ये असलेलं गाव आपल्या चारीवर अगदी शेवटचं असू शकतं. शेजारच्या दोन शेतांपैकी एक हेडला आणि दुसरं दुसऱ्या चारीच्या टेलला, असंही होतं.

टेलला पाणी कमी पडण्याची कारणं कोड्यात टाकणारी नाहीत. वाटेत पाणी झिरपतं, वाफ होऊन उडतं. गाळ आणि झाडाझुडपांमुळे वेग मंदावतो. दरवाजे नादुरुस्त असतात. वरच्या भागात उसासारख्या पिकाला जास्त पाणी उचललं जातं. आवर्तनाचे दिवस ठरलेले असतात. पाणी शेवटच्या शेतापर्यंत येईतो आवर्तन बंद व्हायची वेळ झालेली असते. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं, ते असं.

यावर उपाय म्हणून मागणी होते ती ‘टेल टू हेड’ पद्धतीची, म्हणजे आधी शेवटच्या शेताला पाणी आणि मग वर सरकत यायचं. शासकीय मराठीत याच टेलला ‘पुच्छ भाग’ म्हणतात. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा २००५ चा राज्याचा कायदा या शब्दाला वजन देतो. पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळावर हेड, मधला भाग आणि टेल या तिन्ही भागांना समान प्रतिनिधित्व द्यावं लागतं. संस्थेला पाणी मोजून द्यायचं, हेही त्याच कायद्याचं तत्त्व आहे.

म्हणून आपली जमीन कागदोपत्री कोणत्या भागात नोंदली आहे, हे प्रत्येक लाभधारकानं पाहून घ्यायला हवं. टेलमधल्या जागेवर टेलचाच माणूस बसतो की नाही, हे त्यावर ठरतं.

थोडक्यात महत्त्वाचं

• हॉर्नचे अर्थ मुख्यतः आवाज आणि आकारावरून आले, टेलचे मुख्यतः जागेवरून.
• शृंग आणि हॉर्न एकाच मुळाचे शब्द आहेत. टेलर, रिटेल, डिटेल मात्र शेपटाचे नातेवाईक नाहीत.
• पशुविम्याच्या फॉर्मवर ‘स्विच’ म्हणजे शेपटीचा गोंडा. रकाना मोकळा ठेवू नका.
• उसाच्या ट्रॉलीचा टेल लॅम्प निघण्याआधी तपासा आणि मागच्याचा हॉर्न ऐकू येईल इतकाच गाण्यांचा आवाज ठेवा.
• कालव्यावरचं टेल चारीनुसार ठरतं. पाणी वापर संस्थेत टेलच्या शेतकऱ्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व मिळतं.