पाल, बिऱ्हाड आणि अतिक्रमण : बेघरांच्या निष्कासनाची परिभाषा

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे गाव वऱ्हाड आणि खानदेश यांच्या सीमाप्रदेशात मोडते. या टापूतील मोठ्या गावांच्या शिवारात पावसाळा सरला की भटक्या जमातींची पाले पडतात. कोणी लोखंडकाम करतो, कोणी जडीबुटी विकतो, कोणी खेळ करून दाखवितो. गावकरी त्या वस्तीला ‘पाल’, ‘तळ’ किंवा ‘बिऱ्हाड’ म्हणून ओळखतात. अशा कुटुंबांपैकी एखादे कामाच्या शोधात मलकापूरला आगगाडीत बसून मुंबईस गेले आणि एखाद्या उड्डाणपुलाखाली उतरले, म्हणजे त्याच कापडाच्या आडोशाला ‘अतिक्रमण’ हे नाव प्राप्त होते. कापड तेच असते, माणसेही तीच असतात. नाव मात्र बदलते, आणि नावाबरोबर लागू होणारा कायदाही बदलतो. नगरे बेघरांच्या आणि वाहनवासीयांच्या वस्त्या कोणत्या रीतीने उठवितात हे स्पष्ट करणे, आणि त्या रीतीत शब्दयोजनेचा वाटा किती आहे हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. लोकव्यवहारातील शब्द

फिरत्या निवाऱ्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘पाल’ हा शब्द आच्छादनाकडे लक्ष वेधतो, ‘तळ’ जागेकडे, ‘तांडा’ समूहाकडे, तर ‘बिऱ्हाड’ संसाराकडे. ऊसतोडणीच्या मजुरांची ‘कोपी’ ही हंगामाशी बांधलेली असते. यांची क्रियापदेही ठरलेली आहेत. पाल ठोकतात, तळ देतात, कोपी घालतात, बिऱ्हाड थाटतात. ही सर्व क्रियापदे सकर्मक आहेत आणि त्यांना कर्ता लागतो. पाल म्हटले की ते ठोकणारा कोणी तरी आहे, हे त्या शब्दाच्या वापरातच गृहीत असते.

या शब्दांत तात्पुरतेपणा आहे, पण दोषारोप नाही. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण अस्थिर संसाराविषयी आहे, गुन्ह्याविषयी नाही. पुण्यामुंबईच्या वाड्यांत आणि चाळींत भाड्याने राहणाऱ्या पांढरपेशा कुटुंबालाही ‘बिऱ्हाड’च म्हणत आणि त्याच्या कर्त्याला ‘बिऱ्हाडकरू’. त्याहून बोलके उदाहरण ‘मुक्काम’ या शब्दाचे आहे. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मराठीत रूढ अर्थ ‘प्रवासातील थांबा’ असा आहे. तरीही ‘मु. पो. धामणगाव बढे’ असे लिहिताना तोच शब्द माणसाच्या कायम पत्त्याची खूण ठरतो. थांबणे आणि राहणे यांच्यामध्ये लोकभाषेने अभेद्य भिंत घातलेली नाही.

यावरून गावाचा व्यवहार सौम्यच होता असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांना जन्मतःच संशयित ठरविले. ‘हजेरी’ आणि ‘पास’ हे शब्द त्यांच्या रोजच्या जीवनात शिरले ते या मार्गाने. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ ही संज्ञा मिळाली. परंतु या संज्ञेतही पूर्वीच्या बंधनाची आठवण शिल्लक आहे. जो कधी बांधलेलाच नव्हता, त्याला कोणी विमुक्त म्हणत नाही.

२. घर की वाहन?

महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाडी या नोंदीखाली गाडी लोहार आणि चितोडी लोहार ही नावे आढळतात. चितोडचा पाडाव झाल्यावर, ते पुन्हा हाती येईपर्यंत छपराखाली न राहण्याची प्रतिज्ञा आपल्या पूर्वजांनी केली, अशी राजस्थानातील गाडिया लोहारांची परंपरा सांगते. १९५५ साली पंडित नेहरू यांच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर समारंभपूर्वक प्रवेश झाला. तथापि गाडीवरचा संसार त्याने संपला नाही.

गाडी लोहाराची बैलगाडी हेच त्याचे घर, कोठार आणि कारखाना. नागरी नियमांच्या दृष्टीने येथे पेच उभा राहतो. गाडीला वाहन मानावे तर ती एका जागी उभी राहून वाहतुकीस अडथळा करते, आणि घर मानावे तर ते विनापरवाना बांधकाम ठरते. दोन्ही नावांनी ती उठविता येते, पण राहू देता येईल असे नाव मात्र परिभाषेत नाही. वाहनवासीयांचा प्रश्न हा पाश्चात्त्य शहरांतील मोटारींपुरता मर्यादित नसून त्याचे मूळ रूप आपल्या रस्त्यांवर फार पूर्वीपासून आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

३. ‘अतिक्रमण’ : अर्थाचा प्रवास

‘अतिक्रमण’ म्हणजे व्युत्पत्तीने ‘ओलांडून जाणे’. हे मूलतः क्रियेचे नाव आहे. कार्यालयीन मराठीत त्याचे तीन टप्प्यांत अर्थांतर झालेले दिसते. ‘त्याने जागेवर अतिक्रमण केले’ या वाक्यात ते क्रिया दर्शविते. ‘अतिक्रमण पाडले’ या वाक्यात ते वस्तूचे, म्हणजे झोपडीचे नाव होते. ‘अतिक्रमण हटविण्यात आले’ या वाक्यात तर झोपडी, तीतील भांडीकुंडी आणि तीत राहणारी माणसे ही सर्व एकाच भाववाचक नामात सामावली जातात. शिवाय ‘हटविण्यात आले’ या रचनेमुळे हटविणाराही अदृश्य होतो. पाल ठोकणारा आणि पाल उखडणारा, असे दोन्ही कर्ते गमावलेले हे वाक्य आहे. महानगरपालिकांतील संबंधित खात्यास ‘अतिक्रमण निर्मूलन विभाग’ म्हणतात. ‘निर्मूलन’ हा शब्द मराठीत रोगांच्या संदर्भात रुळलेला आहे, हेही येथे नोंदविण्याजोगे आहे.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. इंग्रजी कायद्यात जागा व्यापण्यासाठी एक शब्द आणि परक्या जागेत शिरण्यासाठी दुसरा, असा भेद आहे. मराठीत या दोहोंसाठी बहुधा ‘अतिक्रमण’ हा एकच शब्द वापरला जातो. ‘गृह-अतिक्रमण’ हा फौजदारी शब्दही त्याच घराण्यातला. परिणामी पदपथावर अंग टाकणारा माणूस आणि दुसऱ्याच्या घरात घुसणारा माणूस हे मराठी वाचकाच्या मनात नकळत एका रांगेत बसतात.

४. न्यायालयापुढील प्रश्न

नेमका हाच भेद १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे निर्णायक ठरला. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याचे जाहीर केले. ऐन पावसाळ्यात झोपड्या पाडल्या गेल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी, तसेच काही पदपथवासीयांनी याचिका दाखल केल्या. याचिकाकर्त्यांत संगमनेरहून मुंबईस आलेला, चांभारकाम करणारा एक गृहस्थ होता. ‘मूळ गावी पाठविणे’ या शब्दप्रयोगात, तेथे त्याचे घर आणि पोट भरण्याचे साधन शाबूत आहे असे गृहीत होते. ते तसे नव्हते, म्हणूनच तो मुंबईस आला होता.

महापालिकेचा आधार होता मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ यातील कलम ३१४. त्या कलमान्वये आयुक्तांना रस्त्यावरील अडथळा सूचना न देता काढून टाकता येतो. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय दिला. उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, हे पीठाने मान्य केले. पदपथवासी तेथे गुन्हा करण्याच्या हेतूने नव्हे तर निरुपायाने राहतात, म्हणून तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या अर्थाने ते गुन्हेगार नव्हेत, असेही म्हटले. कलम ३१४ वैध ठरविण्यात आले, पण त्याचा अर्थ लावताना पूर्वसूचना हा नियम आणि सूचनेवाचून कारवाई हा अपवाद, असे तत्त्व घालून दिले.

या निर्णयाचे फलित नीट समजून घेणे आवश्यक आहे. पदपथावर राहण्याचा हक्क मिळाला नाही. पावसाळा संपल्यानंतर एक महिन्यापर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, मुदत मिळाली. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही सांगण्यात आले, परंतु ती हटविण्याची पूर्वअट नव्हती. याचिकाकर्त्यांनी तत्त्व जिंकले आणि जागा गमावली. तरीही सूचनेचे महत्त्व कमी लेखता येत नाही. सूचना ही कोणाला तरी उद्देशून द्यावी लागते. कर्ता गमावलेल्या वाक्यात ती माणसाला पुन्हा नामनिर्देशाने आणते.

५. पात्र आणि अपात्र

१९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमानंतर जी परिभाषा वाढत गेली, तिचे केंद्र ‘पात्र’ हा शब्द आहे. विवक्षित दिनांकापूर्वीचा पुरावा असलेला ‘संरक्षित झोपडीधारक’ ठरतो. हा दिनांक प्रथम १ जानेवारी १९९५ आणि पुढे १ जानेवारी २००० असा झाला. २०११ पर्यंतच्या रहिवाशांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूदही नंतर झाली. ‘अतिक्रमण’ हे क्रियेचे नाव असले तरी ‘धारक’ हे माणसाचे नाव आहे. एका कागदाने पहिल्याचे दुसरे होते. पण जो सतत फिरतो त्याच्याजवळ एका जागेचा जुना कागद असण्याची शक्यताच कमी. म्हणून पालातला आणि पदपथावरचा माणूस या परिभाषेत सर्वांत दुबळा राहतो.

ग्रामीण बाजूसही हा विरोध दिसतो. १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने गायरानांवरील अतिक्रमणे दूर करण्याचे धोरण दृढ केले. त्याच वर्षी विमुक्त व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आली. तीत कुटुंबास ५ गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचे घर अभिप्रेत आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मोकळ्या जमिनीवर पाल पडत आले, तिच्यावर एका कागदाने बंदी येते आणि दुसऱ्याने जमीन देऊ केली जाते. या दोहोंच्या मधल्या काळात पाल कोठे ठोकावे, हे कोणताही कागद सांगत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लक्ष आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लक्ष माणसे ‘बेघर’ म्हणून नोंदली गेली. नागरी बेघरांसाठी दर एक लक्ष लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा असावा, असे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचे प्रमाण होते. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामे पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची सूचना आवश्यक ठरविली. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा अशा सार्वजनिक ठिकाणची अनधिकृत बांधकामे त्या निर्देशांतून वगळली. बेघर माणूस बहुधा नेमका तेथेच असतो.

६. तुलनेसाठी अमेरिका

शब्दाच्या व्याख्येवर निष्कासन अवलंबून असणे ही गोष्ट केवळ मराठीची नव्हे. ऑरेगन राज्यातील ग्रँट्स पास या गावाच्या नियमात ‘तळ’ या संज्ञेची व्याख्या अशी होती की अंथरूण पसरले तरी तो तळ ठरावा, आणि वाहनही तीत समाविष्ट व्हावे. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असे नियम घटनाबाह्य शिक्षा ठरत नाहीत, असा निर्णय दिला. याउलट लॉस एंजलिस शहराचा, वाहनाचा राहण्यासाठी उपयोग करण्यास मनाई करणारा नियम २०१४ साली तेथील अपील न्यायालयाने रद्द केला, कारण ‘राहणे’ म्हणजे नेमके काय हे नियमावरून कळत नव्हते. एका ठिकाणी व्याख्या अतिविस्तृत म्हणून माणूस सापडला, तर दुसऱ्या ठिकाणी ती संदिग्ध म्हणून सुटला.

७. समारोप

शब्द बदलल्याने कोणास घर मिळत नाही, हे उघड आहे. पण कोणाची दखल घ्यावयाची आणि कोणाची नाही, हे शब्द ठरवितात. म्हणून कार्यालयीन मराठीच्या अभ्यासकांनी एका साध्या सुधारणेचा विचार करण्यासारखा आहे. निष्कासनाच्या सूचनेत आणि पंचनाम्यात ‘अतिक्रमण’ या नामाऐवजी कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसांची संख्या, सामानाची यादी आणि ती माणसे पुढे कोठे जाणार याची नोंद असावी. वाक्याला कर्ता आणि कर्म परत मिळाले की उत्तरदायित्वही परत येते.

पत्र्याच्या पेटीवर ‘मु. पो. धामणगाव बढे’ असे रंगवून मुंबईस गेलेल्या माणसाला त्या दोन अक्षरांतील ‘मु.’चा अर्थ ठाऊक असतो. जेथे तो आज रात्री थांबला आहे तोही त्याचा मुक्कामच आहे. नगराच्या परिभाषेत त्या शब्दाला अद्याप जागा मिळालेली नाही.