आकाशातून टिपलेले जुने लंडन : हवाई छायाचित्राचे वाचन

प्राथमिक शाळेत भूगोल शिकविताना नकाशा हे आपले नित्याचे साधन असते. परंतु चौथी-पाचवीच्या मुलांना नकाशा समजण्यात एक मूलभूत अडचण येते. मूल ज्या जगात वावरते ते त्याला समोरून दिसते. नकाशातील जग मात्र वरून पाहिलेले असते. ही दरी सांधणारे साधन म्हणजे हवाई छायाचित्र होय. त्यात खरी घरे व खरी झाडे दिसतात, आणि ते वरून घेतलेले असल्यामुळे नकाशाची मांडणीही त्यातच आढळते.

प्रस्तुत लेखात लंडन शहराच्या जुन्या हवाई छायाचित्रांचे उदाहरण घेतले आहे. हे शहर दुसऱ्या महायुद्धापूर्वी वीस वर्षे आकाशातून सातत्याने टिपले गेले, आणि त्यानंतर त्याचा मोठा भाग प्रथम बाँबवर्षावाने व पुढे युद्धोत्तर पुनर्रचनेने पालटून गेला. त्यामुळे चित्रातील जुने शहर व आजचे शहर यांची तुलना करण्यास येथे चांगला वाव मिळतो.

छायाचित्रे कशी निर्माण झाली

आकाशातून छायाचित्र घेण्याचा पहिला प्रयोग नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ बलूनमधून केला. पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक व तोफा शोधण्यासाठी विमानातून छायाचित्रे घेण्यात येऊ लागली आणि या विद्येला वेग आला. युद्ध संपताच, १९१९ साली, फ्रान्सिस विल्स व क्लॉड ग्रॅहॅम-व्हाइट यांनी लंडनमध्ये ‘एरोफिल्म्स’ ही कंपनी स्थापन केली. विल्स हे वास्तुविद्येचे शिक्षण घेतलेले व युद्धात विमानातून टेहळणी केलेले गृहस्थ होते. कंपनीचा हेतू व्यापाराचा होता. कारखानदारांना आपल्या कारखान्याचे चित्र हवे असे, वृत्तपत्रांना समारंभांची चित्रे हवी असत, आणि पोस्टकार्डांनाही गिऱ्हाईक होते. इतिहासासाठी कोणी विमान उडविले नव्हते. तरीही आज इतिहासाला त्या चित्रांचाच मोठा आधार आहे. हा संग्रह २००७ साली इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील सार्वजनिक वारसा-संस्थांनी मिळून विकत घेतला, आणि त्यातील १९१९ ते १९५३ या काळातील सुमारे ९५,००० चित्रे पुढे सर्वांना पाहण्यासाठी खुली करण्यात आली.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० ते १९२३ या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्ययन करीत होते. ते ज्या घरी राहिले ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली खरेदी केले. एरोफिल्म्सची विमाने शहरावर घिरट्या घालू लागली ती याच सुमारास. म्हणजे त्या आरंभीच्या चित्रांतील लंडन हे बाबासाहेबांनी पाहिलेले लंडन होय.

हवाई छायाचित्रांचे मुख्य दोन प्रकार आहेत. कॅमेरा तिरका धरून घेतलेल्या चित्रात इमारतींच्या भिंती व छपरे दोन्ही दिसतात. मुलांना ते लवकर समजते. कॅमेरा सरळ खाली रोखून घेतलेले चित्र नकाशासारखे असते व त्यावरून अंतर मोजता येते. एरोफिल्म्सची बहुतेक जुनी चित्रे तिरकी आहेत. महायुद्ध संपल्यानंतर ब्रिटिश हवाई दलाने देशाची सरळ चित्रे पद्धतशीरपणे घेतली. लागोपाठच्या दोन चित्रांत निम्म्याहून अधिक भाग सामाईक ठेवीत. अशी दोन चित्रे घनदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहिली म्हणजे घरे व टेकड्या उठून दिसतात.

चित्रांत काय दिसते

प्रथम नदीकाठ पाहू. थेम्स नदीच्या पूर्वेकडील वळणात मोठमोठ्या आयताकृती गोद्या दिसतात. १८०२ साली सुरू झालेली वेस्ट इंडिया गोदी ही त्यांतील एक. वेस्ट इंडीज बेटांवरील साखर येथे उतरत असे. जुन्या चित्रांत गोदीत जहाजे आहेत, काठाने वखारींच्या रांगा आहेत आणि लागूनच कामगारांच्या घरांच्या अरुंद ओळी आहेत. काम व वस्ती इतकी जवळ का, हे चित्र पाहताच उमगते. पुढे मालवाहतुकीची रीत पालटली, जहाजे मोठी झाली आणि ही गोदी १९८० साली बंद पडली. त्याच पाण्याच्या काठी १९९१ साली कॅनरी व्हार्फचा पहिला उंच मनोरा पूर्ण झाला. बहुतेक वखारी गेल्या, पाण्याचे आयत मात्र आजही ओळखता येतात.

आता शहराच्या जुन्या गाभ्यातील क्रिपलगेट हा भाग पाहू. युद्धापूर्वीच्या चित्रांत तेथे गोदामे, कार्यशाळा व गल्ल्या यांची दाटी आहे. १९४० च्या ७ सप्टेंबरपासून लंडनवर सलग ५७ रात्री बाँबहल्ले झाले, आणि २९ डिसेंबरच्या रात्रीच्या आगीत हा भाग जवळजवळ संपूर्ण जळाला. १९५१ च्या शिरगणतीत क्रिपलगेटमध्ये अवघे ४८ रहिवासी उरले होते. त्या मोकळ्या जागेवर १९६५ ते १९७६ या काळात बार्बिकन ही प्रचंड वसाहत उभी राहिली. जुन्या व नव्या चित्रांची तुलना करता गल्ल्यांचे जाळे जवळपास पुसले गेल्याचे दिसते. परंतु सेंट जाइल्स चर्च त्याच जागी आहे. अशी न हललेली खूण शोधणे ही तुलनेची पहिली पायरी होय.

तिसरे उदाहरण शहराच्या पश्चिमेचे आहे. आज हीथ्रो म्हटले की विमानतळच डोळ्यांसमोर येतो. जुन्या चित्रांत मात्र तेथे शेते, फळबागा व रस्त्याच्या कडेने वसलेली शेतकऱ्यांची घरे दिसतात. ही जमीन सुपीक होती व येथील भाजीपाला लंडनच्या बाजारात जात असे. १९४४ साली लष्करी विमानतळासाठी म्हणून सरकारने ही जमीन ताब्यात घेतली व वस्ती पाडण्यात आली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, तेथे प्रवासी वाहतूक सुरू झाली. हीथ्रो नावाची वस्ती आज केवळ जुन्या नकाशांत, चित्रांत आणि विमानतळाच्या नावात शिल्लक आहे.

चित्रांत काय दिसत नाही

येथे शिक्षकाने विशेष सावध राहावयास हवे. युद्ध चालू असतानाच पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी व जे. एच. फोरशॉ यांनी १९४३ साली लंडनच्या पुनर्रचनेची योजना मांडली. दाट वस्ती विरळ करावी, मोकळ्या जागा वाढवाव्यात व काही लोकसंख्या बाहेर न्यावी, असा तिचा रोख होता. १९४६ साली नवनगरांचा कायदा झाला व स्टीव्हनेज हे पहिले नवनगर ठरले. या विचारात तथ्य होते. पूर्व लंडनमधील अनेक घरांत न्हाणीघर नव्हते, शौचकूप अंगणात होते व धुराने श्वास कोंडत असे. डिसेंबर १९५२ च्या घातक धुक्यानंतर १९५६ साली हवाशुद्धीचा कायदा करावा लागला, हे प्रसिद्धच आहे.

परंतु वरून जी काळवंडलेली ओळ दिसे तिच्यात माणसांची नाती गुंफलेली होती. मायकेल यंग व पीटर विल्मॉट यांनी बेथनल ग्रीन या पूर्व लंडनमधील भागाचा अभ्यास करून १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. लग्न झालेल्या मुली आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत, रोज जात-येत, अडीअडचणीला धावून जात, असे त्यांना आढळले. बाहेरच्या नव्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांना घर चांगले मिळाले. पण ही रोजची सोबत तुटली. छपरांची संख्या चित्रावरून मोजता येते. कोणाचे दार कोणासाठी उघडे होते, हे मात्र तेथे राहणाऱ्यांनाच विचारावे लागते.

वर्गात उपयोग

आपल्या शाळांत लंडनची चित्रे उपलब्ध नसली तरी अडत नाही. भ्रमणध्वनीवर किंवा संगणकावर ‘भुवन’ या भारतीय संकेतस्थळावरील आपल्या गावाचे उपग्रहचित्र दाखविता येते. चित्र समोर ठेवून मुलांना क्रमाने पुढील प्रश्न विचारावेत :

(१) न हललेली खूण कोणती? मंदिर, विहीर, ओढा, जुना वड यांपैकी एक निश्चित करावी व तेथून चारही दिशांना वाचन करावे.

(२) सावली कोणत्या बाजूस पडली आहे? तीवरून वेळ व उंची यांचा अंदाज करता येतो. लंडन कर्कवृत्ताच्या बरेच उत्तरेस असल्याने तेथे दुपारची सावली बाराही महिने उत्तरेकडे पडते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने उन्हाळ्यात काही दिवस येथे ती दक्षिणेकडे पडते. ही गोष्ट अंगणात काठी रोवून प्रत्यक्ष दाखवावी.

(३) वस्ती येथेच का? पाणी, रस्ता व शेत यांच्याशी घरांचा संबंध मुलांनी बोटाने दाखवावा.

(४) काय पालटले? तलाठी कार्यालयातील गावनकाशा मिळाल्यास तो शेजारी ठेवावा.

(५) चित्र काय सांगत नाही? याचे उत्तर गावातील वडीलधाऱ्या मंडळींकडून मुलांनी विचारून आणावे व वहीत नोंदवावे. धरणाखाली गेलेल्या गावातून आलेली कुटुंबे पुनर्वसित गावठाणात असल्यास हा पाठ त्यांच्यापासूनच सुरू करावा. मात्र त्यांच्या दुःखाचा मान राखावा.

२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची मोजणी ड्रोनने करण्यात येऊ लागली. तिचा हेतू मिळकतीची नोंद हा आहे, जसा एरोफिल्म्सचा हेतू व्यापार हा होता. आणखी पन्नास वर्षांनी हीच चित्रे आपल्या गावांचा इतिहास ठरतील. त्या वेळी ती वाचणाऱ्यांना छपरे व रस्ते आपोआप दिसतील. घरांतील माणसांची हकिगत मात्र आजच्या मुलांनी लिहून ठेवली असेल तरच कळेल. म्हणून प्रत्येक शाळेने चालू वर्षी गावाचे एक चित्र मिळवावे, त्यावर दिनांक घालावा, आणि मुलांच्या नोंदींसह ते शाळेच्या दप्तरी जपून ठेवावे.