ओरेस्तियादा : सीमेने हलविलेले नगर

ग्रीसच्या ईशान्य टोकाला, एव्ह्रोस नदीच्या खोऱ्यात ओरेस्तियादा हे लहानसे नगर आहे. ही नदी बव्हंशी ग्रीस व तुर्कस्तान यांची सीमा आहे; मात्र एडिर्ने शहराजवळ सीमारेषा नदी सोडून पश्चिमेस वळते. १९२३ च्या लोझान तहान्वये तेथील काराआच ही वस्ती युद्धभरपाईपोटी तुर्कस्तानास मिळाली. तेथील ग्रीक रहिवाशांनी दक्षिणेस येऊन काटकोनी रस्त्यांचे नवे नगर वसविले आणि आपल्या वस्तीचे ग्रीक नावही सोबत आणले. त्याच वर्षी ठरलेल्या, धर्माधारित लोकसंख्येच्या अदलाबदलीने दोन्ही देशांतील सुमारे १६ लाख माणसे आपल्या मातीस मुकली. प्रज्ञेस करुणेची जोड हवी, असे आम्ही मानतो. म्हणूनच सीमारेषा शिकविताना तिने हलविलेली माणसेही विद्यार्थ्यांना दाखविणे आम्हांस अगत्याचे वाटते.