अनुदान म्हणजे विरजण : गावातलं बाळ आणि बाहेरून येणारा पैसा

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच श्रोत्यांनी एकच प्रश्न विचारला : 'दुर्गम भागातल्या मुलांच्या आरोग्यासाठी एवढी अनुदानं येतात, मग ती जातात कुठे?' प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आपण आज घेऊ. अनुदानाचं काम नेमकं काय असतं?

आमचं म्हणणं असं, की अनुदान हे विरजणासारखं असतं. चमचाभर विरजणाने पातेलंभर दूध लागतं. पण पातेल्यात दूधच नसेल, तर नुसत्या विरजणाने कुणाचं पोट भरत नाही. इथे दूध म्हणजे सरकारची कायमची तरतूद, दर वर्षी येणारी. हे समजायला आपण गडचिरोलीचं उदाहरण घेऊ.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावांत जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत बाळं दगावत होती. बहुतेक बाळंतपणं घरीच होत. दवाखाना लांब, पावसाळ्यात वाट बंद, आणि बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही ही रीत. मग बाळ दवाखान्यात जात नसेल, तर उपचार बाळापर्यंत नेता येतील का, असा प्रश्न त्यांनी घेतला.

१९९५ पासून ३९ गावांत ही पद्धत सुरू झाली. तुलनेसाठी दुसरी ४७ गावं होती. प्रत्येक गावातली थोडं शिकलेली एक बाई निवडली, तिला शिकवलं. तिचं नाव आरोग्यदूत. बाळंतपणाच्या वेळी ती सुईणीसोबत हजर राहायची. बाळाचं वजन करायची, त्याला ऊब द्यायची, श्वास अडकला तर तो सुरू करायची. नंतर घरी फेऱ्या मारायची, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर आईवडिलांच्या संमतीने औषध आणि इंजेक्शनही द्यायची.

निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू आधी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. दर बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण दोनशे रुपये. अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. आता हिशोब आपणच करा. अठरा गुणिले दोनशे. एका जिवाची किंमत साडेतीन हजारांच्या आसपास!

इथे थोडं थांबू या. सेवा दोनशे रुपयांत झाली, पण ती दोनशे रुपयांत होते हे सिद्ध करायला कितीतरी जास्त पैसा लागला. गावोगावी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवणं, नोंद खरी आहे की नाही हे पुन्हा तपासणं, प्रशिक्षण, देखरेख, आणि हे सगळं वर्षानुवर्षं. अशा कामाला सरकारी अंदाजपत्रकात सहसा रकाना नसतो. अनुदानाची खरी जागा ही आहे. जे अजून कुणी करून पाहिलेलं नाही, ते करून पाहायला आणि मोजायला पैसा देणं.

पुढे काय झालं? २०११ साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर घेतला आणि तो आशा ताईंकडे दिला. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. हे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पैशातून होतं. त्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. म्हणजे विरजण दुधाला लागलं.

पण दूध पातळ असलं की दही पण पातळच. गडचिरोलीत आरोग्यदूत स्वतः इंजेक्शन देत होती. राष्ट्रीय कार्यक्रमात आशा ताईने आजार ओळखायचा आणि बाळाला पुढे पाठवायचं, इंजेक्शन नर्सबाई देणार. कागदावर ठीक आहे. पण जिथे नदीला पूर आला की रस्ता तुटतो, तिथे हा 'पुढे' कुठे आहे? त्यात आशा ताईच्या अंगावर इतर डझनभर कामं, आणि मोबदला उशिरा येतो ही जुनीच तक्रार.

आता बाहेरच्या पैशाकडे बघू. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. पण कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं त्याच कायद्यात आहे. मग जिथे कारखाने, तिथे पैसा. धडगाव किंवा धारणीच्या वाट्याला तो कमीच येणार. परदेशी निधीचं म्हणाल, तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मोठ्या संस्थेच्या हाताने गावातल्या छोट्या मंडळापर्यंत पैसा पोचायचा, ती वाट बंद झाली.

आणि एक सवय देणाऱ्यांची. वॉर्मर दिला, रुग्णवाहिका दिली, की फोटो निघतो, वर नाव लिहिता येतं. बाईच्या महिन्याच्या मानधनावर नाव कुठे लिहिणार? आम्ही एक प्रकल्प जवळून पाहिला. तीन वर्षांचा होता, मार्चअखेर संपला. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेलं, हिशोब चोख होता. पण एप्रिलमध्येही रात्री-बेरात्री लोक त्याच कार्यकर्तीच्या दारात यायचे. ती जायचीही. बिनपगारी, आणि पिशवीतली औषधं संपलेली. लोकांना प्रकल्प संपल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा अनुदान मागणारे असोत की देणारे, आपण चार प्रश्न विचारायला हवेत.

पहिला : गावातले जन्म आणि मृत्यू कोण मोजणार? न मोजलेलं बाळ गेलं, तर अहवालात ते गेलेलंच नसतं.

दुसरा : पैसा वस्तूवर जास्त जातोय की माणसावर? वस्तू चालवायला माणूस लागतो.

तिसरा : चौथ्या वर्षी हा खर्च कुणाच्या अंदाजपत्रकात असेल? जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांशी हे बोलणं पहिल्याच वर्षी व्हायला हवं, शेवटच्या महिन्यात नव्हे.

चौथा : किती पैसा आला आणि कधीपर्यंत आहे, हे ग्रामसभेला माहीत आहे का?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. अनुदानं जातात कुठे? काही वाया जातात, हे खरं. पण पुष्कळशी चांगल्या कामावरच खर्च होतात आणि तरीही जिरून जातात, कारण ती संपल्यावर काम कुणी उचलायचं हे ठरलेलं नसतं. गडचिरोलीचं काम टिकलं, कारण ते मोजलं गेलं आणि सरकारला उचलता येईल इतकं स्वस्त होतं. ते आणखी दाट करायचं, तर आशा ताईचा मोबदला, औषधं आणि देखरेख यांसाठीची तरतूद आपल्यालाच मागावी लागेल. विरजण देणारे मिळतील. दूध आपल्या घरचं लागतं.

इथेच थांबतो. आता प्रश्न घेऊ.