चित्राभोवतीचा पांढरा समास: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उपग्रहचित्र किंवा एक्स-रे पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये उघडून साठवला, की भोवती पांढरा समास येतो. अहवालात तो जागा खातो. त्याच फाइलवरून पुढे मोजमाप करायचे असेल, तर मोजमापही चुकवतो.

गैरसमज: समास हा सॉफ्टवेअरमधला दोष आहे.
वस्तुस्थिती: तो मुद्दाम ठेवलेला आहे. जॉन हंटर यांनी २००३ मध्ये आणलेले मॅटप्लॉटलिब मुख्यतः आलेखांसाठी आहे आणि आलेखाला आकडे, अक्षांची नावे, शीर्षक यांसाठी जागा लागते. म्हणून ६.४ बाय ४.८ इंचांच्या मूळ कॅनव्हासवर डावीकडे १२.५, उजवीकडे १०, खाली ११ आणि वर १२ टक्के जागा राखीव असते. आलेखाच्या वाट्याला जेमतेम ६० टक्के क्षेत्र उरते.

गैरसमज: अक्ष बंद केले की समास जातो.
वस्तुस्थिती: फक्त रेषा आणि आकडे लपतात, राखीव जागा तशीच राहते. शिवाय चित्र चौरस आणि कॅनव्हास आयताकृती असेल, तर चित्राचे प्रमाण बिघडू नये म्हणून दोन्ही बाजूंना आणखी जागा रिकामी सुटते.

गैरसमज: ‘टाइट लेआउट’ समास कापून टाकतो.
वस्तुस्थिती: अक्षरे एकमेकांवर चढू नयेत, कॅनव्हासबाहेर जाऊ नयेत, एवढेच तो पाहतो. कापण्याचे काम साठवताना ‘बीबॉक्स इंचेस’ला ‘टाइट’ हे मूल्य दिल्याने होते. तरीही ०.१ इंच कड उरते. ती नको असेल तर ‘पॅड इंचेस’ शून्य करावे लागते.

गैरसमज: समास कापला की मूळ चित्र जसेच्या तसे मिळते.
वस्तुस्थिती: आकार कॅनव्हास आणि डीपीआयवर ठरतो. मूळ सेटिंगमध्ये ५१२ पिक्सेलचे चौरस चित्र सुमारे ३७० पिक्सेलचे होऊन बाहेर पडते, म्हणजे बारीक तपशील हरवतो. त्यावर उपाय आहे: कॅनव्हास ५.१२ बाय ५.१२ इंच, डीपीआय १०० आणि अक्षांची चौकट कॅनव्हासभर पसरलेली ठेवावी. अक्ष, शीर्षक काहीच नको असेल, तर सरळ ‘इमसेव्ह’ वापरावे. ते प्रत्येक पिक्सेल थेट फाइलमध्ये लिहिते.

म्हणून आधी ठरवावे, आपल्याला आलेख हवा आहे की नुसते चित्र. आलेखाला समास हवाच. नुसते चित्र असेल, तर साठवलेल्या फाइलची लांबी-रुंदी मूळ चित्राशी ताडून पाहावी आणि मगच ती पुढे द्यावी.