गल्ला यजमानाचा, वाटा पाहुण्याचा

कापडगिरणी शेजारच्या गिरणीला टाळे लागले तरी कापड विणू शकते, किंबहुना अशा वेळी तिचा धंदा वाढतोच. फुटबॉल क्लबाला मात्र एकट्याने सामना विकता येत नाही. विकण्याजोगा माल तयार व्हावा म्हणून त्याला प्रतिस्पर्धी लागतो आणि तो प्रतिस्पर्धी अगदीच दुबळा किंवा दिवाळखोर असून भागत नाही. सामना दोघांनी मिळून घडवायचा आणि पैसा मात्र एकाच्या दारात गोळा व्हायचा, या विचित्र परिस्थितीमुळे व्यावसायिक फुटबॉलच्या उत्पन्नाचा इतिहास हा कमाईपेक्षा वाटणीचा इतिहास अधिक आहे. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ साली स्थापन झालेला क्लब या इतिहासाच्या जवळपास प्रत्येक टप्प्यातून गेला आहे, आणि २०१० पासून त्याची मालकी पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाकडे असल्यामुळे मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही.

ब्लॅकबर्न हे गिरण्यांचे गाव. हिंदुस्थानात नेसल्या जाणाऱ्या धोतरांचे कापड एके काळी येथील मागांवर मोठ्या प्रमाणात विणले जाई. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की कामगार मैदानाकडे वळत, दारावर प्रवेशशुल्क देत, आणि त्या नाण्यांतून खेळाडूंना आधी चोरून व १८८५ साली फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिकतेला मान्यता दिल्यावर उघडपणे मोबदला मिळू लागला. १८८८ साली बारा क्लबांनी, ज्यांत ब्लॅकबर्न होता, फुटबॉल लीग स्थापन केली. तिचा खरा हेतू आर्थिक होता, कारण खेळाडूंचा पगार दर आठवड्याला द्यावा लागतो, तर मैत्रीपूर्ण सामने ऐनवेळी रद्द होत. ठरलेले वेळापत्रक म्हणजेच ठरलेला गल्ला. या गल्ल्यातून पाहुण्या संघाला सुरुवातीला १२ पौंडांची ठोक रक्कम आणि पुढे प्रवेशशुल्काचा एक-पंचमांश भाग देण्याचा नियम झाला. मोठ्या शहरातील क्लबाच्या दारात जमलेल्या पैशाचा थोडा अंश त्यामुळे लहान गावापर्यंत पोहोचत राहिला.

याच काळात क्लबमालकांच्या नफ्यावरही बंधन होते. फुटबॉल असोसिएशनच्या ३४ क्रमांकाच्या नियमाने भागधारकांना मिळणाऱ्या लाभांशाला मर्यादा घातली होती आणि संचालकांना पगार घेण्यास मनाई केली होती. खेळाडूंच्या कमाल वेतनालाही मर्यादा होती. ती आठवड्याला २० पौंडांवर असताना १९६१ च्या जानेवारीत खेळाडूंच्या संघटनेने ती रद्द करून घेतली. गल्ला मर्यादित, नफा मर्यादित आणि पगारही मर्यादित, अशी ही व्यवस्था होती. तिला आदर्श मानण्याचे कारण नाही, कारण तिचा सर्वांत मोठा भार खेळाडूंनी वाहिला. परंतु तिच्यामुळे गिरणीगावांतील क्लब टिकले, हेही खरे आहे.

१९८३ हे वर्ष या व्यवस्थेच्या मोडतोडीचे म्हणावे लागेल. त्या वर्षी लीग सामन्यांचा संपूर्ण गल्ला यजमान क्लबाने ठेवावा असे ठरले. त्याच वर्षी टॉटनहॅम हॉटस्परने क्लबाच्या वर स्वतंत्र पालक कंपनी उभारून ३४ व्या नियमाला वळसा घातला आणि लंडनच्या शेअर बाजारात प्रवेश करणारा पहिला फुटबॉल क्लब होण्याचा मान मिळवला. आणि लीग सामन्यांचे थेट दूरचित्रवाणी प्रक्षेपण नियमितपणे सुरू झाले तेही त्याच वर्षी. प्रक्षेपणहक्क, म्हणजे सामना पडद्यावर दाखवण्याचा अनन्य अधिकार, तेव्हा दोन वर्षांसाठी ५२ लाख पौंडांना विकला गेला. १९८८ चा करार चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाखांचा झाला. हा पैसा खालच्या श्रेणीतील क्लबांशी वाटून घ्यावा लागू नये म्हणून वरच्या श्रेणीतील २२ क्लब १९९२ मध्ये फुटून निघाले आणि त्यांनी प्रीमियर लीग स्थापन केली. तिच्या पहिल्या करारासाठी पाच वर्षांचा ३० कोटी ४० लाख पौंडांचा आकडा जाहीर झाला.

फुटून निघालेल्यांनी आपसात मात्र वाटणीचाच नियम केला. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या पैशापैकी निम्मा सर्वांना समान, एक चतुर्थांश गुणतालिकेतील स्थानानुसार, आणि उरलेला चतुर्थांश कोणाचे किती सामने पडद्यावर दिसले त्यानुसार, असे हे सूत्र आहे. परदेशातील हक्कांचा पैसा तर २०१९ पर्यंत पूर्णपणे समान वाटला जात असे. त्यामुळे २०२४-२५ च्या हंगामात विजेत्या लिव्हरपूलला लीगकडून सुमारे साडेसतरा कोटी पौंड मिळाले, तर तळाच्या साउदॅम्प्टनला सुमारे अकरा कोटी. स्पेनमध्ये २०१५ च्या कायद्यापर्यंत प्रत्येक क्लब आपले हक्क स्वतंत्रपणे विकत असे आणि रियाल माद्रिद व बार्सिलोना यांच्यापुढे इतरांच्या हाती फारच थोडे लागे. इंग्लंडमधील मध्यम क्लब युरोपातल्या नामांकित क्लबांचे खेळाडू विकत घेऊ शकतात, त्याचे मूळ या सूत्रात आहे.

येथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये कोणताही सामना थेट दाखवता येत नाही, कारण तसे झाल्यास लहान क्लबांच्या मैदानांवर लोक फिरकणार नाहीत, अशी भीती १९६० च्या दशकात व्यक्त झाली होती. ती ठामपणे मांडणारे बॉब लॉर्ड हे ब्लॅकबर्नच्या शेजारच्या, हाडवैरी बर्नली क्लबाचे अध्यक्ष होते. गिरणी सुटण्याच्या वेळेचा हा शेवटचा अवशेष अजून टिकून आहे. परिणामी दुपारी तीनचा सामना पुण्यातील प्रेक्षक हिवाळ्यात रात्री साडेआठ वाजता घरबसल्या पाहू शकतो, जो लँकेशायरमधल्या प्रेक्षकाला कायदेशीररीत्या पडद्यावर दिसत नाही. २०२२ ते २०२५ या काळात परदेशांतील हक्कांचे मूल्य देशांतर्गत हक्कांहून प्रथमच अधिक झाले, त्यात या भारतीय वर्गणीदारांचाही वाटा आहे.

ब्लॅकबर्न या नव्या युगात नेमके वेळेवर पोहोचले. पोलादाच्या व्यापारात प्रचंड संपत्ती मिळवलेले जॅक वॉकर यांनी १९९१ मध्ये क्लब हाती घेतला, ईवुड पार्क मैदानाची पुनर्बांधणी केली, १९९२ मध्ये ॲलन शिअरर याला साउदॅम्प्टनकडून तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला आणले, आणि १९९५ मध्ये क्लबाने प्रीमियर लीग जिंकली. हे यश गल्ल्याचे नव्हते, धनिकाच्या वैयक्तिक तिजोरीचे होते. पण १९९६ मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला, न्यूकॅसलकडे गेला, तेव्हा उत्पन्नाचा आणखी एक मार्ग ठळक झाला. हस्तांतरण शुल्क म्हणजे करारात असलेला खेळाडू सोडण्याची किंमत. करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघात ती मागता येणार नाही, असा निकाल डिसेंबर १९९५ मध्ये बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान याच्या खटल्यात लागला होता.

हस्तांतरणाच्या हिशेबात एक गोम आहे. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकतात, विक्रीची रक्कम मात्र त्याच वर्षी जमेस धरतात. आणि क्लबाच्या स्वतःच्या प्रबोधिनीत घडलेल्या खेळाडूची खरेदी किंमत शून्य असल्याने त्याची विक्री वहीत जवळजवळ संपूर्ण नफा म्हणून उतरते. तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपेक्षा अधिक तोटा करू नये, असे बंधन घालणाऱ्या प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमामुळे एव्हर्टन व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे २०२३-२४ मध्ये गुण कापले गेले, तेव्हापासून घरच्याच पोराला आधी विकण्याचा मोह क्लबांना अधिकच पडू लागला आहे. ब्लॅकबर्ननेही सहाव्या वर्षापासून आपल्याकडे वाढलेला ॲडम व्हार्टन २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला.

जाहिरात, जर्सीवरील नाव, मैदानाचे नामकरण आणि विक्रीवस्तू यांना मिळून व्यापारी उत्पन्न म्हणतात. जर्मनीतील आइनट्राख्ट ब्राउनश्वाइगने १९७३ मध्ये मद्याच्या जाहिरातीचे चिन्ह छातीवर घेतले तेव्हा गहजब झाला होता. आज हेच उत्पन्न थोरामोठ्या क्लबांना इतरांपासून वेगळे करते. २०२३-२४ मध्ये १०० कोटी युरोंचा टप्पा ओलांडणारा रियाल माद्रिद हा पहिला क्लब ठरला, तो मुख्यतः नूतनीकरण केलेले मैदान आणि व्यापारी करार यांच्या बळावर. ही कमाई कोणाशी वाटावी लागत नाही, म्हणूनच ती असमान आहे.

कुक्कुटपालन व्यवसायातील वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न घेतले, आणि क्लबाचे खेळाडू कोंबडीवर ताव मारताना दिसणारी जाहिरात इंग्लंडमध्ये चेष्टेचा विषय झाली. ती चेष्टा फार टिकली नाही, कारण मे २०१२ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. अशा क्लबांना प्रीमियर लीग काही वर्षे साहाय्यनिधी देते, ज्याला तिथे हवाईछत्रीचा पैसा म्हणतात; तो आटला की प्रक्षेपणाचे उत्पन्न वरच्या श्रेणीतील तळाच्या क्लबाच्या एक-दशांशाच्या आसपास येते. तरीही वर जाण्याच्या आशेने दुसऱ्या श्रेणीतील क्लबांनी एकत्रितपणे अनेक हंगामांत उत्पन्नापेक्षा अधिक रक्कम केवळ पगारांवर खर्च केली आहे. ब्लॅकबर्न २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेले, पुढच्याच वर्षी परतले, आणि तेव्हापासून तूट भरण्यासाठी पुण्याहून येणाऱ्या निधीवर विसंबून आहे. गिरणीमालक, पोलादवाला, कुक्कुटपालक: आश्रयदात्याचा धंदा बदलला, आश्रय तसाच राहिला.

आपल्याकडे गोव्यात आश्रयाचे हे नाते खाणींशी होते. धेंपो आणि साळगावकर या खाण उद्योगातील घराण्यांचे क्लब राष्ट्रीय स्पर्धांत दीर्घकाळ अग्रेसर राहिले. धेंपोने तर पाच वेळा देशातील सर्वोच्च लीग जिंकली. मैदानाचा गल्ला किरकोळ आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न नगण्य असल्याने घराण्याने पदरचा पैसा घालणे हाच त्यांचा मुख्य आधार होता, आणि २०१६ मध्ये दोन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. त्यापूर्वीच, २०१४ मध्ये, इंडियन सुपर लीग सुरू झाली होती, जिचा पाया राष्ट्रीय महासंघाने २०१० मध्ये एका व्यापारी भागीदाराशी केलेला पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार हा होता. प्रक्षेपण, प्रायोजक आणि क्लबांना मिळणारा मध्यवर्ती वाटा हे सारे त्या एका कागदावर उभे होते. त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार असताना नवा करार झाला नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये आगामी हंगाम स्थगित करण्यात आला. मैदाने तयार होती, खेळाडू करारबद्ध होते, पण वाटायचे काय तेच ठरलेले नसल्याने ऑगस्टमध्ये काही क्लबांनी पगार थांबवले.