साहेब मागे उभे राहिले की हात का चुकतो?

रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याची कल्पना करा. नवीन लागलेला मुलगा मशीनवर काम करतोय. एकटा असताना त्याला बऱ्यापैकी जमतं. पण सुपरवायझर मागे येऊन उभे राहिले की माप चुकतं, पार्ट हातातून निसटतो. शेजारचा पंधरा वर्षं जुना ऑपरेटर मात्र साहेब बघतायत म्हटल्यावर आणखी झपाझप हात चालवतो. बघणारा एकच, मग परिणाम दोन कसे?

मुलं, मुंग्या आणि झुरळं

१८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची चकरी फिरवायला दिली. सोबत दुसरं मूल असलं की बऱ्याच मुलांचा वेग वाढला, काही मात्र गडबडली. १९३७ मध्ये चेन या चिनी संशोधकांना दिसलं, की सोबतीला दुसऱ्या मुंग्या असल्या की मुंगी जास्त माती उकरते.

१९६५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी याची संगती लावली. आसपास कोणी असलं की शरीर उत्तेजित होतं आणि सगळ्यात सवयीची कृती आधी बाहेर येते. सरावाच्या कामात ती कृती बरोबर असते, म्हणून वेग वाढतो. नव्या किंवा अवघड कामात ती बहुतेक वेळा चुकीची असते, म्हणून गडबड होते.

१९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत झुरळांना उजेडातून अंधाराकडे पळवलं. इतर झुरळं हजर असताना सरळ रस्त्यावर ती जास्त वेगाने पळाली, भूलभुलैयात मात्र त्यांना जास्त वेळ लागला.

हे कितपत खरं?

२०२० मध्ये हा प्रयोग पुन्हा झाला. इतर झुरळांसमोर वेग मंदावतो हे दिसलं, पण वाढतो याचा पुरावा मिळाला नाही. माणसांबाबत १९८३ मध्ये २४१ अभ्यास एकत्र तपासले गेले. सोप्या कामाचा वेग वाढतो आणि अवघड कामाचा घटतो, हे त्यात दिसलं. पण परिणाम लहान होता: कामगिरीतल्या एकूण फरकापैकी फक्त ०.३ ते ३ टक्के. म्हणजे चुकांचं सगळं खापर साहेबांच्या नजरेवर फोडता येत नाही. प्रशिक्षण, झोप, मशीनची अवस्था यांचाही त्यात वाटा असतो.

आणखी एक धागा आहे. १९६८ मध्ये निकोलस कॉट्रेल यांच्या प्रयोगात हजर असलेल्या लोकांच्या डोळ्यांवर पट्टी होती, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. म्हणजे माणसाला नुसत्या हजेरीपेक्षा 'आपल्याला कोणीतरी जोखतंय' ही भावना जास्त भिडते.

कारखान्यात याचा उपयोग काय?

शिकाऊ कामगाराला पुढे ठेवायचं की नाही, हे अनेकदा पहिल्या काही आठवड्यांत ठरतं. नेमका तोच काळ त्याच्यासाठी सगळं काम अवघड असण्याचा असतो. तेव्हा डोक्यावर उभं राहून घेतलेल्या परीक्षेत त्याची कुवत कमी आणि घाबरटपणा जास्त दिसण्याची शक्यता असते.

म्हणून सुरुवातीला हातात टाकाऊ माल द्यावा, शिकवायला जवळचा जुना कामगार द्यावा आणि मूल्यमापन नंतर करावं. चूक मोजण्याऐवजी ती कुठल्या टप्प्यावर होते ते बघावं. मात्र जिथे बोट जाण्याचा धोका आहे, तिथे नव्या माणसाला एकटं सोडू नये. तिथे देखरेख हवीच. फक्त बाजूला उभा असलेला माणूस शिकवायला आलाय, नापास करायला नाही, हे त्या मुलाला आधी सांगावं.